'अगास्ट' या इंग्रजी विशेषणाला मराठीत काय म्हणावे?

मधुमालती (धागाकर्ती)

नमस्कार. एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना गेले चार दिवस मी एकाच शब्दापाशी अडले आहे, म्हणून हा धागा काढते आहे. शब्द आहे 'अगास्ट'. कथेतला प्रसंग असा : अडुसष्ट वर्षांची एक विधवा बाई रविवारच्या जेवणाला जमलेल्या मुलांना आणि सुनांना, बटाटे वाढता वाढता, आपण पुन्हा लग्न करणार असल्याचे सांगते. त्यापुढचे वाक्य एवढेच आहे : 'द होल टेबल वॉज अगास्ट.' माझ्या हाताशी असलेल्या कोशात 'भयचकित, भयभीत, स्तंभित' असे प्रतिशब्द दिले आहेत. त्यांतला पहिला घेऊन मी 'टेबलाभोवतीचे सगळे भयचकित झाले' असे लिहिले आणि मुलाला वाचून दाखवले, तर त्याने विचारले, "का? आजीच्या हातात सुरा होता का?"

मुलाचे म्हणणे खरे आहे. त्या टेबलावर कोणीही कशालाही घाबरलेले नाही. पण हाच शब्द कथेत पुढे दुसऱ्यांदा येतो, तेव्हा प्रसंग अगदी वेगळा आहे. त्याच बाईचा दिवंगत नवरा तरुणपणी एका रात्री घरी परततो आणि बाळाच्या खोलीत जातो, तिथे 'ही स्टूड अगास्ट बिफोर द एम्प्टी क्रेडल' असे वाक्य आहे. रिकामा पाळणा पाहणाऱ्या बापाच्या बाबतीत 'भय' हा शब्द अगदी चपखल बसतो. एकच विशेषण या दोन्ही ठिकाणी कसे काय चालते, त्याचा गाभ्याचा अर्थ कोणता, आणि दोन्हीकडे पुरेल असा एखादा मराठी शब्द आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अक्षरशत्रू

'सगळ्यांना धक्का बसला' असे लिहून पुढच्या वाक्याकडे वळावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. कोणताही वाचक कोश मांडीवर घेऊन कथा वाचत नाही.

मधुमालती

अक्षरशत्रू, पहिल्याच दिवशी मी तेच केले होते. 'धक्का' या शब्दाची अडचण अशी की, वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी तो पार गुळगुळीत करून टाकला आहे. सोन्याचा भाव वाढला तरी धक्का आणि एखाद्या नटीने केस कापले तरी धक्का. शिवाय धक्का बसणाऱ्याचे त्या गोष्टीविषयी मत काय, हे त्या शब्दातून कळत नाही. मावशी गेल्याचे ऐकून धक्का बसतो, त्यात मावशीला नावे ठेवण्याचा भाव नसतो. या टेबलावर मात्र 'हे काय भलतेच' असा भाव असावा, असे इंग्रजी वाक्य वाचताना मला जाणवते.

जुना फळा

मधुमालतीताई, तुमचे जाणवणे योग्य आहे. तीस वर्षे इंग्रजी शिकवलेली असल्यामुळे आधी उच्चार आणि व्याकरण सांगण्याची खोड जात नाही, ती सर्वांनी सहन करावी.

वर्णाक्षरांत 'जी'नंतर 'एच' दिसत असल्यामुळे आपल्याकडे पुष्कळ जण हा शब्द 'अघास्ट' असा उच्चारतात. त्यात 'घ' नाही. ब्रिटिश उच्चार 'अगास्ट' आणि अमेरिकन उच्चार 'अगॅस्ट' असा आहे, आणि दोन्हींत जोर दुसऱ्या अवयवावर पडतो.

आता व्याकरण. आपल्या व्याकरणात विशेषणाचे अधिविशेषण आणि विधिविशेषण असे दोन प्रकार सांगितलेले आहेत. 'काळा घोडा' यात 'काळा' नामाच्या आधी आल्यामुळे ते अधिविशेषण, आणि 'घोडा काळा आहे' यात नामानंतर विधानाच्या जागी आल्यामुळे तेच विधिविशेषण. इंग्रजीत काही विशेषणे अशी आहेत की ती जवळजवळ नेहमी विधानाच्याच जागी येतात : अस्लीप, अलाइव्ह, अवेक, अफ्रेड, अशेम्ड. 'द चाइल्ड इज अस्लीप' बरोबर, पण 'ॲन अस्लीप चाइल्ड' चूक. 'अगास्ट' याच पंगतीत बसते. 'अ शॉक्ड मॅन' चालतो, 'अ फ्राइटन्ड मॅन' चालतो, 'ॲन अगास्ट मॅन' मात्र कानाला खटकतो. माणसाऐवजी चेहरा किंवा शांतता असेल, तर 'ॲन अगास्ट सायलेन्स' अशी रचना क्वचित दिसते, पण विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये.

हे एवढे लांबवण्याचे कारण म्हणजे, अशी विशेषणे मराठीतही आहेत आणि ती नेमकी याच भावनेच्या आसपासची आहेत. 'थक्क', 'गप्प', 'अवाक' हे शब्द पाहा. 'मी थक्क झालो' असे आपण म्हणतो, 'थक्क माणूस' असे म्हणत नाही, 'थक्क झालेला माणूस' असे म्हणतो. 'होणे', 'करणे' किंवा 'राहणे' यांचा आधार मिळाल्याखेरीज हे शब्द उभेच राहत नाहीत. तेव्हा रचनेच्या दृष्टीने 'अगास्ट'चा सर्वांत जवळचा मराठी सोबती 'थक्क' हा आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र तो उपयोगाचा नाही, कारण वेरूळचे कैलास लेणे पाहूनही माणूस थक्क होतो. 'अगास्ट' होण्यासाठी समोरची गोष्ट वाईट, भयंकर किंवा निदान अनुचित असावी लागते. सुंदर वस्तू पाहून कोणी 'अगास्ट' होत नाही.

आणखी दोन गोष्टी. एक, या शब्दाच्या आधी 'व्हेरी' सहसा लावत नाहीत. 'ॲब्सोल्युटली अगास्ट' म्हणतात, कारण हा शब्द मुळातच टोकाचा आहे आणि टोकाला कमी-जास्त नसते. दुसरी, त्याच्यानंतर 'ॲट' हे शब्दयोगी येते : 'अगास्ट ॲट द प्राइस', 'अगास्ट ॲट द सजेशन'. मराठीत त्या 'ॲट'साठी 'वर' किंवा 'मुळे' शोधत बसू नये. 'किंमत ऐकून', 'सूचना ऐकून', 'दृश्य पाहून' असे 'ऊन'चे धातुसाधित घेतले की वाक्य आपोआप मराठी होते.

थेम्सकाठचा

गुरुजींनी व्याकरण सांगितले, मी रोजच्या वापरातले निरीक्षण सांगतो. बावीस वर्षे लंडनमध्ये आहे. इथे या शब्दातले भय आता फार थोड्या वेळा खरे भय असते. बहुतेक वेळा तो सभ्य माणसाच्या नापसंतीचा शब्द असतो. एकदा कार्यालयाच्या स्वयंपाकघरात मी गार झालेला चहा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला ठेवला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या सहकारी बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर म्हणजे 'अगास्ट'. नंतर त्यांनी दुसरीला ती हकीकत 'आय वॉज अगास्ट' असे म्हणूनच सांगितली. थोडी अतिशयोक्ती, थोडी गंमत, आणि तरीही 'असे करू नये' हा निवाडा त्यात पुरेपूर होता.

जवळच्या शब्दांशी तुलना केली तर अर्थ अधिक नेमका होईल. 'अपॉल्ड' हा शब्द मताचा आहे. एखाद्या शासकीय धोरणाने माणूस वर्षानुवर्षे 'अपॉल्ड' राहू शकतो आणि तसे पत्र वर्तमानपत्राला लिहू शकतो. 'अगास्ट' हा त्या मानाने पहिल्या क्षणाचा शब्द आहे आणि तो चेहऱ्यावर दिसतो, म्हणून 'ही लुक्ड अगास्ट' हे वाक्य इतके स्वाभाविक वाटते. 'हॉरिफाइड' यात किळस किंवा भीती अधिक असते. 'गॉबस्मॅक्ट' हा ब्रिटिश बोलीतला शब्द, 'गॉब' म्हणजे तोंड आणि 'स्मॅक' म्हणजे चापट, त्यामुळे तो आपल्या 'तोंडात बोट घालणे' याचा चुलतभाऊ शोभतो. तो आनंदाच्या धक्क्यालाही चालतो, म्हणजे लॉटरी लागलेला माणूस 'गॉबस्मॅक्ट' होईल, 'अगास्ट' होणार नाही. 'फ्लॅबरगास्टेड' हाही तसाच, आनंदाला आणि आश्चर्याला दोहोंना चालणारा, थोडासा विनोदी.

पर्णकुटी

'फ्लॅबरगास्टेड' यातला 'गास्ट' आणि 'अगास्ट' यातला 'गास्ट' एकच आहे का?

शब्दखाणकरी

पर्णकुटी, तसा तर्क केला जातो. १७७२ मध्ये 'ॲन्युअल रजिस्टर' या इंग्रजी वार्षिकात नव्याने बोकाळलेल्या शब्दांची थट्टा करणारा मजकूर आला, त्यात 'फ्लॅबरगास्टेड' आणि 'बोअर्ड' ही जोडी आहे. तो शब्द 'फ्लॅबी' आणि 'अगास्ट' यांची खिचडी असावी असे म्हणतात, पण तो बहुधा कोणाच्या तरी मौजेतून निघालेला असल्यामुळे त्याची वंशावळ पक्की नाही.

'अगास्ट'ची वंशावळ मात्र स्वच्छ आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'अगास्टेन' म्हणजे 'भिववणे' असे क्रियापद होते, त्याचे हे भूतकालवाचक धातुसाधित. त्यातला 'अ' हा 'अस्लीप' किंवा 'अलाइव्ह' यांतल्या 'अ'सारखा नाही. त्या शब्दांत 'ऑन' झिजून 'अ' झाला आहे. 'अगास्ट'मधला 'अ' हा जोर वाढवणारा जुना उपसर्ग आहे. त्यामागचे 'गास्ट' हे क्रियापद आता मेले असले, तरी शेक्सपिअरच्या काळी त्यात धुगधुगी होती. 'किंग लिअर'मध्ये एडमंड खोटी हकीकत सांगताना, आपण केलेल्या आरड्याओरड्याने हल्लेखोर 'गास्टेड' होऊन पळाला असेल, असे म्हणतो.

हे 'गास्ट' ज्या कुळातले, त्याच कुळात 'गोस्ट' म्हणजे भूत आणि 'गास्टली' म्हणजे भयाण हे शब्द आहेत. म्हणजे भूत पाहून जी अवस्था होते, ती 'अगास्ट'. पूर्वी यांपैकी कशातही 'एच' नव्हता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. तो त्याआधी ब्रूज शहरात राहिलेला होता, आणि फ्लेमिश भाषेत या शब्दाच्या भावंडाला 'एच' लावून लिहीत असत. तिथून तो 'एच' इंग्रजी 'गोस्ट'मध्ये शिरला असे मानतात. 'अगास्ट'ला तो भुताच्या संगतीने चिकटला आणि तोही सावकाश. १६६७ च्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये मिल्टनने हा शब्द वापरला आहे, तिथे तो अजून 'एच'विनाच आहे. तेव्हा आपले 'अघास्ट' म्हणणारे विद्यार्थी ज्या अक्षरापायी चुकतात, ते अक्षर एका छापखानेवाल्याच्या सवयीतून आलेले आहे.

या कुळाचा आपल्याशीही दूरचा संबंध आहे. ज्या आद्य भारत-युरोपीय धातूपासून 'गोस्ट' निघाला, त्याच धातूतून संस्कृतातला 'हेड' म्हणजे कोप हा शब्द आल्याचे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या चोविसाव्या सूक्तात शुनःशेप वरुणाला विनवतो, 'अव ते हेळो वरुण नमोभिः', म्हणजे हे वरुणा, तुझा कोप आम्ही नमस्कारांनी शांत करू पाहतो. तिथला 'ळ' पाहून मराठी माणसाला जरा बरे वाटायला हरकत नाही.

अक्षरशत्रू

म्हणजे गोस्टची गोष्ट वरुणापर्यंत पोहोचली, पण ताईंची आजी अजून बटाटेच वाढते आहे.

नाट्यवेल्हाळ

अक्षरशत्रू, आजींपर्यंत पोहोचण्यासाठीच थोडे वळण घेऊ द्या. शब्दखाणकरी यांनी मिल्टनचा उल्लेख केला म्हणून सुचले. ज्या ओळीत हा शब्द आला आहे ती दुसऱ्या सर्गातली आहे, आणि स्वर्गातून फेकले गेलेले देवदूत नरकाचा प्रदेश पहिल्यांदा हिंडून पाहतात त्या प्रसंगातली आहे. 'विथ शडरिंग हॉरर पेल, अँड आइज अगास्ट.' आता आपल्या नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावना शरीरावर उमटल्याच्या खुणा, आठवा : स्तंभ (जागीच ताठरणे), स्वेद (घाम), रोमांच (अंगावर काटा), स्वरभेद (आवाज बदलणे), वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे). मिल्टनच्या एका ओळीत 'शडरिंग' म्हणजे वेपथू, 'हॉरर' म्हणजे मुळात रोमांच, 'पेल' म्हणजे वैवर्ण्य, आणि 'आइज अगास्ट' म्हणजे डोळ्यांतला स्तंभ, असे चार भाव ओळीने उभे आहेत.

इंग्रजीतली धक्क्याची बहुतेक विशेषणे अशी शरीरातून निघालेली आहेत. 'अपॉल्ड' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'फिके पडणे' या क्रियापदापासून आला, म्हणजे ते शुद्ध वैवर्ण्य, आपला 'चेहरा पांढराफटक पडणे'. 'मॅकबेथ'मध्ये बँकोचे भूत मेजवानीत येऊन बसते, तेव्हा मॅकबेथ 'सैतानालाही जे अपॉल करील त्याकडे मी पाहतो आहे' असे म्हणतो, आणि त्याच प्रवेशात पुढे इतरांच्या गालांवरची लाली तशीच असून आपले गाल भीतीने पांढरे पडल्याचेही बोलून दाखवतो. शेक्सपिअरच्या कानाला त्या शब्दातला फिकेपणा ऐकू येत असावा, असे मला वाटते. 'ॲस्टॉनिश' आणि 'स्टन' यांच्या मुळाशी लॅटिन 'तोनारे' म्हणजे मेघगर्जना आहे, म्हणजे आपले 'वीज कोसळल्यासारखे होणे'. 'पेट्रिफाइड' म्हणजे दगड झालेला, अर्थात स्तंभ.

आणि 'हॉरर'ची गोष्ट तर विलक्षण आहे. लॅटिन 'होर्रेरे' म्हणजे केस ताठ उभे राहणे. त्याचा संस्कृत भाऊ म्हणजे 'हृष्' हा धातू, ज्याच्यापासून आपला 'हर्ष' आला. तिकडे केस भीतीने उभे राहिले आणि इकडे मुख्यतः आनंदाने. तरी जुना अर्थ आपल्याकडेही पुसला गेलेला नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते', म्हणजे माझ्या शरीराला कंप सुटला आहे आणि अंगावर काटा येतो आहे. तिथल्या रोमहर्षात आनंदाचा लवलेशही नाही.

जुना फळा

वा! आणि अर्जुनाचे उदाहरण मधुमालतीताईंच्या प्रश्नाला थेट लागू पडते. अर्जुन स्वतःच्या जिवाला भ्यालेला नाही. समोर आजोबा, गुरू आणि भाऊबंद उभे आहेत आणि आपल्या हातून काय घडणार आहे, हे पाहून त्याचे हातपाय गळाले आहेत. भय आहे, पण ते कृत्याचे भय आहे, आणि त्यात 'हे होता कामा नये' हा नैतिक निवाडाही मिसळलेला आहे. 'अगास्ट'मध्ये पाळण्यासमोरचा बाप आणि जेवणाच्या टेबलावरची मुले एकत्र कशी राहतात, याचे उत्तर मला तिथे दिसते. दोघांनाही समोरची गोष्ट जगाच्या रीतीबाहेरची वाटते. बापाच्या बाबतीत ती रीत सृष्टीची आहे, मुलांच्या बाबतीत समाजाची. भूत दिसले की दोन्ही रीती मोडतात, म्हणून मूळ शब्द भुताचा.

थेम्सकाठचा

गुरुजी, एक शंका. 'अगास्ट' झालेला माणूस त्या क्षणी गप्प असतो. अर्जुन तर उरलेला अध्यायभर बोलतो आहे.

जुना फळा

मान्य. मात्र इंग्रजी कथांमध्ये 'ही सेड, अगास्ट' असे वाक्यही सापडते, तेव्हा बोलण्याला पूर्ण बंदी नसावी. एखादे वाक्य बोलण्याची मुभा आहे असे समजू. अठरा अध्यायांची नाही.

पर्णकुटी

मराठीत शब्दांची कमतरता मुळीच नाही, उलट निवड करणेच अवघड आहे. मी काही वाक्प्रचार तपासून पाहिले. 'बोबडी वळणे', 'धाबे दणाणणे', 'गर्भगळीत होणे', 'तोंडचे पाणी पळणे' या सर्वांत स्वतःवरच्या संकटाची भीती आहे, म्हणून ते टेबलासाठी बाद. पाळण्यासाठीही मला ते नकोसे वाटतात, कारण त्यांत थोडी हास्यास्पद छटा आहे. चोर पकडला गेल्यावर त्याची बोबडी वळते, बाळ नाहीसे झालेल्या बापाची नव्हे. 'पाचावर धारण बसणे' यालाही तीच अडचण. 'हबकणे' चांगला आहे, पण त्यात माणूस मागे सरतो. 'थिजणे' मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तुपासारखे वाहते काहीतरी एकाएकी घट्ट होते, आणि बाहेरून पाहणाऱ्यालाही ते दिसते.

टेबलासाठी 'अवाक झाले' हा शब्द सुचवते. त्यात भय नाही, आश्चर्य आहे, आणि मोठ्या आवाजात वाचले तर किंचित नापसंतीही ऐकू येते.

शब्दखाणकरी

पाळण्याच्या वाक्यासाठी माझी सूचना : 'रिकाम्या पाळण्यासमोर तो भूत पाहिल्यासारखा उभा राहिला.' त्यामुळे शब्दातले मूळचे भूतही मराठीत आणता येईल, आणि आपल्याकडे हा वाक्प्रचार रूढ आहेच.

नाट्यवेल्हाळ

यास माझा विरोध आहे. व्युत्पत्ती सांगायला मलाही आवडते, वर मीच रकाने भरले आहेत, पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आजच्या इंग्रजी वाचकाला 'अगास्ट' वाचताना भूत दिसत नाही, जसे आपल्याला 'भयंकर आवडले' म्हणताना भय आठवत नाही. तुम्ही मराठीत भूत प्रत्यक्ष आणून उभे केलेत, तर मूळ लेखकाने अर्ध्या आवाजात म्हटलेली गोष्ट तुम्ही ओरडून सांगितल्यासारखी होईल. त्यातही पाळणा रिकामा आहे, बाळाचे काय झाले हे अजून कळलेले नाही, अशा वाक्यात भुताचे नाव घेतले तर वाचक कथा भयकथेच्या खात्यात टाकील.

शब्दखाणकरी

खटकले, पण पटले. माझी सूचना मागे घेतो. 'भयंकर आवडले' हे उदाहरण मात्र फारच मार्मिक आहे. इंग्रजीत 'ऑफुल' आणि 'टेरिबल' यांचेही हेच झाले, एकेकाळी दरारा आणि दहशत असलेले शब्द आज पावसाला आणि कॉफीला लावतात. 'अपॉलिंग' सध्या त्याच वाटेवर बरेच पुढे गेले आहे. वाईट हस्ताक्षरालाही ते चालते. 'अगास्ट' त्या मानाने कमी झिजला, आणि माझ्या मते त्याचे कारण गुरुजींनी सांगितलेल्या व्याकरणात आहे. तो नामाच्या आधी येत नाही, त्याला 'इंग' लागत नाही, त्यामुळे वस्तूंना चिकटवता येत नाही. 'अपॉलिंग कॉफी' म्हणता येते, 'अगास्ट कॉफी' म्हणता येत नाही. हा शब्द फक्त माणसाचा राहिला.

मधुमालती

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही वाक्ये पुन्हा लिहून पाहिली.

पाळण्याचे वाक्य पर्णकुटींच्या शब्दाने सुटले : 'रिकाम्या पाळण्यासमोर तो थिजून उभा राहिला.' 'भय' हा शब्द काढून टाकल्यावर भय वाढले, असे मला वाटते.

टेबलाच्या वाक्यात 'सगळे अवाक झाले' हे ठीक होते, पण 'द होल टेबल' यातली गंमत हरवत होती. तिथे माणसांऐवजी टेबलच अगास्ट झाले आहे. म्हणून नाट्यवेल्हाळ यांनी म्हटल्याप्रमाणे शरीराकडे वळले आणि आधी लिहिले, 'सगळ्यांचे घास हातातच राहिले.' मुलाने लगेच दाखवून दिले की ही मंडळी हाताने जेवत नाहीत. मग लिहिले, 'सगळ्यांचे काटे हवेतच थांबले.' यावर आपले मत काय?

अक्षरशत्रू

'काटे' वाचल्यावर मला प्रथम अंगावरचा काटा आठवला, मग घड्याळाचे काटे आठवले, आणि जेवणाचा काटा सर्वांत शेवटी. या धाग्यात इतका रोमांच झाल्यावर तो दोष माझा नाही. 'काटे-चमचे' लिहिले तर संशय उरणार नाही.

थेम्सकाठचा

अक्षरशत्रूंशी सहमत. फक्त नापसंतीची छटा त्यात अजून उतरत नाही. हे काटे-चमचे आनंदाच्या बातमीनेही थांबले असते.

मधुमालती

ती छटा पुढच्या वाक्यात आपोआप येते, कारण मूळ कथेत थोरली सून लगेच मीठदाणी पुढे ओढून घेते आणि 'मुलांसमोर नको' असे म्हणते. तेव्हा असे ठेवते आहे : 'टेबलाभोवतीचे सगळे काटे-चमचे जिथल्या तिथे थांबले. आजीने बटाट्यांचे भांडे धाकट्याकडे सरकवले.'

जुना फळा

ताई, एकच दुरुस्ती. अडुसष्टाव्या वर्षी लग्न करायला निघालेल्या बाईला निवेदकाने 'आजी' म्हणावे का, याचा विचार करा. मूळ लेखकाने तिला त्या वाक्यात नावाने संबोधले असेल, तर 'आजी' म्हणून तुम्ही नकळत त्या टेबलाच्या बाजूने बोलाल.

मधुमालती

गुरुजी, मूळ कथेत नावच आहे. आत्ताच बदलते.